फाल्गुनरावाचे वय

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळा’तील पात्रांची नावे एकदा ऐकलेला माणूस ती विसरत नाही. पुरुषांची नावे महिन्यांवरून, बायकांची नक्षत्रांवरून. फाल्गुनराव, अश्विनशेट, वैशाखशेट, भादव्या. आणि कृत्तिका, रेवती, मघा. हा नुसता गमतीचा खेळ आहे असे पुष्कळांना वाटते. आम्हांला त्यात थोडे अधिक दिसते. ज्याच्या डोक्यात संशयाचे भूत शिरले आहे त्या गृहस्थाच्या वाट्याला वर्षाचा अखेरचा महिना आलेला आहे. फाल्गुन म्हणजे पानगळ आणि शिमगा, दोन्ही एकाच महिन्यात. वय उताराला लागल्याची धास्ती आणि त्या धास्तीपायी चारचौघांत होणारी शोभा, हाच फाल्गुनरावाचा सगळा इतिहास आहे.

गोष्ट थोडक्यात सांगतो. रेवती या नायकिणीच्या मुलीला रस्त्यात घेरी येते. फाल्गुनराव तिला सावरायला धावतो आणि त्याची बायको कृत्तिका ते पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेला सापडते. ती तसबीर न्याहाळताना तिला फाल्गुनराव पाहतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हाती असलेली अश्विनशेटला कळते. झाले! चार माणसे, एक चित्र, आणि प्रत्येकाजवळ डोळ्यांनी पाहिलेला पुरावा. कोणीही खोटे बोलत नाही, आणि तरी कोणाचेही खरे नाही.

हे कथानक फार प्रवास करून आपल्याकडे आले. १६६० साली पॅरिसमध्ये मोलिएरने ते ‘स्गानारेल’ या नावाने रंगभूमीवर आणले आणि संशयी नवऱ्याची भूमिका स्वतःच केली. तेव्हा त्याचे वय अडतीस होते. दोनच वर्षांनी, चाळिशीत, त्याने सुमारे वीस वर्षांच्या आर्मांद बेजारशी लग्न केले. म्हणजे नाटकात ज्याला हसला त्याच्याच जागी तो संसारात जाऊन बसला. १७६१ साली लंडनला आर्थर मर्फीने त्यावरून ‘ऑल इन द राँग’ लिहिले, आणि मर्फीवरून देवलांनी १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक केले. त्याचेच संगीत रूप म्हणजे १९१६ चा ‘संशयकल्लोळ’. तो गंधर्व नाटक मंडळीने केला. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती ही जोडी पुढे दंतकथा होऊन बसली. त्याच वर्षी १४ जूनला देवल वारले.

आमचे म्हणणे असे की हे नाटक सुटे पाहू नये. १८९० साली देवलांनी ‘झुंझारराव’ लिहिले. ते शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चे मराठी रूप. तेथेही नवऱ्याचा संशय, आणि तेथेही एक क्षुल्लक वस्तू पुरावा होऊन बसते. तिकडे रुमाल, इकडे तसबीर. तिकडे बायकोचा जीव जातो, इकडे प्रेक्षक पोट धरून हसतात. मग १८९९ ची ‘शारदा’. तीत पाऊणशे वर्षांचा भुजंगनाथ कोवळ्या मुलीशी लग्नाला निघतो. नऊ वर्षांत एकाच लेखकाने उतारवयाकडे चाललेल्या पुरुषाच्या तीन अवस्था मांडल्या. एक मारतो, एक हास्यास्पद होतो, एक मुलगी विकत घेऊ पाहतो. तिघांचे मूळ एकच. आपल्या हातून काहीतरी निसटते आहे, आणि ते बायकोच्या रूपाने धरून ठेवता येईल, असा समज.

‘शारदे’वर पुष्कळ लिहिले गेले, कारण तिच्यात समाजसुधारणा उघड आहे. ‘संशयकल्लोळ’ म्हणजे पदे आणि हशा, असे म्हणून विद्वान पुढे जातात. हा न्याय नव्हे.

एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने १९६५ साली एका निबंधात मध्यवयातील या घालमेलीला शास्त्रीय नाव दिले. मजा अशी की हा गृहस्थ त्याआधी लंडनच्या ग्लेशियर मेटल या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांचा अभ्यास करून आलेला होता. पण मध्यवयाचा विचार मांडताना त्याने भर दिला तो मोठमोठ्या कलावंतांवर. लेथवरच्या माणसाला चाळिशी येत नाही की काय!

येते. मावळात तर ती दोन गावांत मिळून येते. १८९३ साली देवल तसबिरीचा घोटाळा लिहीत होते, त्याच्या आगेमागेच मुंबईत डबेवाल्यांचा धंदा उभा राहत होता. त्या धंद्यातली पुष्कळ माणसे आपल्या मावळातली, तशीच जुन्नर, आंबेगाव, खेड, मुळशीकडची. बायको गावी भात लावते आहे आणि नवरा मुंबईत दुसऱ्याच्या बायकोने रांधलेला डबा दुसऱ्याच नवऱ्याला पोचवतो आहे, असे हे संसार चालले. पुढे १९१५ साली लोणावळा-वळवणच्या तळ्यांतले पाणी खोपोलीच्या वीजघरात उतरून मुंबईच्या गिरण्या चालवू लागले. पाण्याच्या आधीपासून माणसे घाट उतरत होतीच. १८६३ पासून रेल्वे होती. ‘संशयकल्लोळ’ आला त्या साली गिरणीत प्रौढ पुरुषाचा दिवस कायद्यानेच बारा तासांचा होता. १९११ च्या कायद्याने घातलेली ती मर्यादा सुधारणा म्हणून मिरवली जाई!

फाल्गुनराव खातापिता माणूस आहे. बायकोवर पाळत ठेवायला त्याच्याजवळ अख्खा दिवस मोकळा आहे. बारा तास साच्यापुढे उभ्या राहणाऱ्याला तेवढी सवड कुठली? त्याचा संशय कोणीतरी गावाहून आणलेल्या निरोपावर पोसला जाई, आणि त्याचा निकाल वर्षाकाठी शिमग्याला किंवा जत्रेला घरी आल्यावर लागे. तेथे पदे नसत. तेथे काठी असे.

युनियनच्या कामात आम्ही अशी भांडणे पुष्कळ पाहिली. कारखाना बंद पडतो, पंचेचाळिशीचा फिटर हिशेबाचे पैसे घेऊन घरी बसतो, आणि बायको पोळ्या लाटायला किंवा बंगल्यावर कामाला जाऊ लागते. सहा महिन्यांच्या आत तो तिच्या परतण्याच्या वेळा मोजू लागतो. तिने मोबाइलवर कोणाशी दोन शब्द हसून बोलावे, की ती तसबीर सापडली! नोकरी गेली हे दुःख त्याला बोलता येत नाही. बायकोबद्दल मात्र तो कोणाशीही बोलतो. हा फाल्गुनरावच आहे. फक्त भादव्यासारखा नोकर याच्या घरी नाही.

म्हणून देवलांनी कृत्तिकेलाही संशयी केले याचे आम्हांला मोल वाटते. ही मांडणी मुळापासूनच आलेली आहे हे खरे. पण मराठी घरात ती आणून बसवणे सोपे नव्हते. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात केवढे रण माजले होते ते आपण जाणता. अशा काळात बायको नवऱ्याला जाब विचारते, त्याच्या तोडीस तोड भांडते, आणि नाटककार तिला शिक्षा करीत नाही.

रेवतीच्या बाबतीत मात्र हसू आवरते घ्यावे लागते. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांची लग्ने झालेली आहेत. संशयाने त्यांचे घर हलेल, मोडणार नाही. रेवती मघा नायकिणीच्या घरची. तिला कुळवंत स्त्रीसारखे एका पुरुषाशी लग्न करून राहायचे आहे. अश्विनशेट तिच्यावर जीव टाकतो, पण तसबीर दुसऱ्याकडे गेल्याचे कळताच त्याचा विश्वास डळमळतो. एवढ्या प्रेमात आईचा धंदा आडवा आल्यावाचून राहत नाही. ज्या देवलांनी १८८७ साली ‘मृच्छकटिक’ मराठीत आणून वसंतसेनेला मान दिला, त्यांना हे कळत नव्हते असे कोण म्हणेल? रेवतीचे लग्न मोडले असते तर तिला परत जायला एकच घर होते, मघेचे. नाटकातल्या चौघांत हरण्यासारखे खरोखर काही असेल तर ते तिच्याजवळ.

अखेरीस सगळी मंडळी समोरासमोर येतात आणि तसबीर कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेली याचा हिशेब जुळतो. मध्यस्थांच्या निरोपांवर जे पाच अंक पेटत राहिले ते समोर बसल्यावर घटकाभरात विझते. वाटाघाटींची सवय असलेल्या आमच्यासारख्याला ही जागा सर्वांत खरी वाटते. आता इतके झाल्यावर फाल्गुनराव सुधारला असेल का? आम्हांला शंका आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा दार लोटून आत डोकावला असेल, आणि खिडकीत उभी असलेली कृत्तिका त्याच्या येण्याची वाट आधीपासून पाहत असेल.