उघाडीची कुळकथा

पनवेलच्या खाडीकाठी खाजणाला बांध घालून भातजमीन करणाऱ्या पूर्वजांना समुद्राचे पाणी अडविण्यापेक्षा पावसाचे पाणी बाहेर घालविणेच अधिक दुर्घट वाटले असले पाहिजे. कारण मातीचा बाहेरकाठा कष्टाने उभा राहतो, परंतु जो बांध भरतीला आत येऊ देत नाही, तोच आषाढातल्या पुरालाही बाहेर जाऊ देत नाही. या पेचावर काढलेली तोड म्हणजे उघाडी: बांधाच्या सखल जागी एक मोरी, आणि तिच्या खाडीकडील तोंडावर वरून टांगलेली झडप, जी ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि भरतीला बाहेरच्या दाबाने मिटते. पेण-पनवेलकडील शिलोत्री वहिवाटीत बाहेरकाठ्याची मरामत शिलोत्रदाराच्या शिरावर असे आणि त्या मोबदल्यात त्याला कुळाकडून धान्याच्या रूपाने हक्क मिळे. पुढे १९४८ च्या कायद्याने आणि नंतर १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने हा कारभार सरकारच्या हाती आला.

ही वाट पाण्यासाठी केलेली असली, तरी तिचा लाभ मासळीनेही घेतला. पहिल्या पावसाच्या लोंढ्याविरुद्ध शेता-ओढ्यांत चढणारी वलगणीची मासळी या भागात सर्वांच्या परिचयाची आहे. अहीर गोड्या पाण्यात वाढतो आणि प्रजननासाठी समुद्र गाठतो. आणि ज्याच्यासाठी रायगडकर मंडळी वाटेल ते मोल देतात, तो जिताडा खाडीच्या मुखाशी जन्मून निमखाऱ्या व गोड्या पाण्यात पोसला जातो. तो आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतो व मोठा झाल्यावर मादी होतो, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसविताना या जुन्याच तत्त्वाला डच पद्धतीची जोड दिली: भरतीच्या वेळी पावसाचे पाणी धारण तलावांत साठवावे आणि ओहोटीला झडपांवाटे खाडीत सोडावे. परंतु मोठी भरती आणि अतिवृष्टी एकाच वेळी आली, म्हणजे कळंबोलीसारख्या सखल वसाहतींना झडपांच्या भरवशावर राहता येत नाही, आणि २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर पंपांची आवश्यकता कोणाला पटवून द्यावी लागली नाही.

पंपाने पुराचे निवारण होते, मात्र माशाची गणना त्यात कोणी केलेली नसते. वेगाने फिरणाऱ्या पात्याचा आघात, पाते आणि आवरण यांमधल्या फटीत चिरडणे, आणि दाबाच्या आकस्मिक बदलाने वाताशय फुटणे, अशा तीन संकटांतून त्याला जावे लागते. शरीर जितके लांब, तितका आघाताचा संभव अधिक. म्हणजे जिताड्याच्या बाबतीत हा घाव प्राधान्याने मोठ्या माद्यांवर, अर्थात पुढच्या पिढीच्या मुळावरच पडणार.

यावरील उपायाचा उगम पूरनिवारणात नसून मासेमारीत आहे. १९६० च्या सुमारास पेरू देशात मार्टिन श्टेले या अभियंत्याने पकडलेले मासे न चेंगरता वाहून नेण्यासाठी मळसूत्राच्या आकाराचे चाक असलेला पंप रचला. युरोपीय संघाने २००७ मध्ये अहिराच्या कुळातील माशांसाठी नियम केला, की मानवी हस्तक्षेप नसता तर प्रौढ माशांचे जितके एकूण वजन समुद्रास पोहोचले असते, त्याच्या किमान ४० टक्के पोहोचावे. तेव्हापासून पाती कमी, त्यांच्या कडा जाड व बोथट, फेरे मंद आणि फटी अगदी बारीक, अशा पंपांना विशेष मागणी आली.

तथापि असा पंपदेखील माशाला केवळ खाली नेतो. वर चढू पाहणाऱ्या पिलाला त्यातून मार्ग नाही. म्हणून इंग्लंड व न्यूझीलंडमध्ये झडपेला प्रतिभार किंवा तरंड लावून ती भरतीच्या आरंभी काही काळ उघडी ठेवण्याची योजना करतात, आणि पाणी धोक्याच्या पातळीला येण्यापूर्वी ती आपोआप मिटते. पनवेलच्या खाडीकाठी नव्या पंपगृहाची निविदा निघेल, तेव्हा तीत पात्यांच्या फेऱ्यांची मर्यादा घालून शेजारच्या उघाडीसाठीही अशा झडपेची तरतूद करावी. पंप आणि उघाडी ही एकाच कुळातली थोरली-धाकटी असल्याने, धाकट्याच्या आगमनाबरोबर थोरलीला निवृत्त करणे हा खर्चाच्या दृष्टीनेही शहाणपणाचा व्यवहार नव्हे.