धोतर, किल्ट आणि थंडीचा प्रश्न

हिवाळा सुरू झाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "काका, धोतरात थंडी वाजत नाही का?" बीडच्या बसस्थानकावर विचारतात, पुण्याला लेकीकडे गेलो की लिफ्टमध्येही विचारतात. विचारणारा बहुधा अनोळखी असतो. मग पाठोपाठ आणखी प्रश्न येतात. नेसायला किती वेळ लागतो? सुटत नाही का? पळता येतं का? मी जमतील तशी उत्तरं देतो. पण उभी हयात शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. त्यामुळं या प्रश्नाचा माग काढत गेलो, तो थेट स्कॉटलंडच्या डोंगरांत जाऊन पोचला.

आधी थंडीचं सांगतो. आमच्याकडे बालाघाटाच्या माथ्यावर पौषात पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. धोतर म्हणजे साधारण पाच वार कापड. त्याच्या निऱ्या पडतात, घड्यांत हवा अडकते आणि ती अडकलेली हवाच ऊब धरते. पोटऱ्या उघड्या राहतात हे खरं. पण कंबर आणि मांड्या झाकलेल्या असतात. आणि जुन्या माणसानं थंडीत नुसतं धोतर कधी नेसलंच नाही. खांद्यावर घोंगडी असायचीच. दख्खनी मेंढीची लोकर कातायची, खड्ड्याच्या मागावर पट्टी विणायची आणि चिंचोक्याची खळ देऊन ती ताठ करायची. अंथरायला तीच, पांघरायला तीच, पावसात डोक्यावर खोळ तिचीच. रानात मेंढरांमागं फिरणाऱ्या धनगराचं ते चालतंबोलतं घरच होतं.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातही गुराख्यांचं असंच होतं. आज आपल्याला घागऱ्यासारखा दिसणारा किल्ट मूळचा एवढा आखूड नव्हता. ते एक लांबलचक लोकरी वस्त्र होतं. खालचा भाग चुण्या घालून कमरेला पट्ट्यानं आवळायचा, उरलेला खांद्यावर टाकायचा आणि रात्री तेच सोडून गुंडाळून झोपायचं. धोतर आणि घोंगडी एकाच कापडात आली म्हणा ना! कमरेपुरता छोटा किल्ट आला तो अठराव्या शतकात. आपल्या निऱ्या पुढं, त्यांच्या चुण्या मागं, एवढा फरक.

या कपड्यावर संकट आलं ते थंडीमुळं नव्हे, कायद्यामुळं. एप्रिल 1746 मध्ये कलोडनच्या लढाईत डोंगरी टोळ्यांचं बंड मोडलं आणि त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटनं त्यांच्या पोशाखावर बंदी घातली. 1 ऑगस्ट 1747 पासून पुरुषानं किल्ट घातला तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग आणि दुसऱ्याला सात वर्षं काळं पाणी! माणसाचा कणा मोडायचा तर आधी त्याचं वस्त्र काढून घ्यावं, हे राज्यकर्त्यांना नेमकं कळलं होतं. मात्र सरकारी पलटणींना बंदीतून सूट होती. म्हणजे किल्ट घालायचा तर राजाच्या चाकरीत घालायचा.

अशीच एक किल्टधारी पलटण आपल्या मराठवाड्यात येऊन लढून गेली आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, वेलस्लीच्या फौजेत 78 वी हायलँडर्स पलटण होती. समोर शिंदे आणि भोसल्यांचं सैन्य होतं. पुढं 29 नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली आणि 15 डिसेंबरला गाविलगड पडला. ऐन थंडीतली ही मोहीम. एका बाजूला किल्ट, दुसऱ्या बाजूला धोतरं आणि मुंडासी.

बंदी 1782 मध्ये उठली. तोवर पस्तीस वर्षं, म्हणजे एक अख्खी पिढी, निघून गेली होती. मग 1822 मध्ये चौथा जॉर्ज राजा एडिंबरोला आला, तेव्हा त्यानं स्वतःच किल्ट घातला. व्हिक्टोरिया राणी तर बाल्मोरलला आपल्या मुलांना किल्ट घालत असे. ज्या वस्त्रासाठी गुराख्याला तुरुंग, तेच राजपुत्राला शोभा!

याच राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट 1888 मध्ये पुण्यात होता. 2 मार्चला हरी रावजी चिपळूणकर यांनी त्याच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. तिथं महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले. दारावर त्यांना अडवलं, असं चरित्रकार लिहितात. आत गेल्यावर जोतिरावांनी राजपुत्राला सांगितलं, की हिऱ्यामोत्यांनी मढलेली ही मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा खेड्यात आहे, तिला शिक्षण द्या. त्या दिवशी त्यांचं आधं भाषण त्यांच्या कपड्यांनीच केलं होतं.

मलाही एकदा एका मोठ्या शहरातल्या कार्यालयाच्या दारावर अडवलं होतं. पॅंटवाले एकामागून एक आत जात होते. मला मात्र "कुणाकडं काम आहे?" असं तीनदा विचारलं. तेव्हा कळलं, की थंडीचा प्रश्न कुतूहलाचा असतो आणि हा दुसरा प्रश्न पायरी दाखवण्याचा.

पण याला दुसरी बाजूही आहे. आपल्याच गावगाड्यात कुणी काय ल्यावं, कसं नेसावं, हे जातीनं ठरवलेलं होतं. 1927 च्या डिसेंबरात महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितलं, की अस्पृश्यतेची खूण पटवणारी लुगडं नेसण्याची पद्धत सोडा. ज्यांच्यावर वेश लादला गेला, त्यांना तो टाकून देणं हीच मुक्ती होती. म्हणून गावातल्या पोरांनी पॅंट घातली याचा मला राग नाही. सायकलच्या साखळीत आणि गिरणीच्या पट्ट्यात सोगा अडकतो, हेही खरंच आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की सोयीसाठी सोडा, मानासाठी सोडा. कुणी हसतं म्हणून सोडू नका.

तुमच्या घरात कुणी वडीलधारे अजून धोतर नेसत असतील, तर थंडीचं जरूर विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा, की नेसायला कुणी शिकवलं, घोंगडी कुठल्या गावची होती आणि या कपड्यामुळं कधी कुणी अडवलं होतं का. उत्तरं वहीत लिहून ठेवा. असईच्या लढाईचे कागद जपणारे पुष्कळ आहेत. या उत्तरांचं दप्तर मात्र आपल्यालाच बांधायचं आहे.