दत्तक आणि दबका आवाज



दत्तक हा शब्द निघाला की आपल्याकडे बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. 'पोर दत्तक हा, पण तेका ठाऊक नाय,' असं कुठल्याही वाडीत कानावर पडतं. आम्ही नवरा-बायकोने मुलगी दत्तक घेतली आणि कुणापासून लपवली नाही, तेव्हा बऱ्याच जणांनी आपुलकीनेच सांगितलं, 'कशाक सांगतास? गप ऱ्हवा.' त्यांना वाटतं, लपवणं ही आपली जुनी रीत. इतिहास चाळला तर उलटंच दिसतं. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय.

जुनं दत्तकविधान चारचौघांत व्हायचं. देणारे आईबाप, घेणारे आईबाप, भाऊबंद, भटजी, गावातली चार माणसं. मूल दिलं आणि घेतलं हे सगळ्यांसमोर घडायला हवं, कारण उद्या तो मुलगा खोतीवर, वतनावर, देवळातल्या मानावर हक्क सांगणार. साक्षीदार नसतील तर भाऊबंद त्याला उभा करणार नाहीत. तेव्हा चोरून दत्तक घेण्यात काही अर्थच नव्हता.

आपल्या सावंतवाडीचंच बघा. 1803 साली तिसरे खेम सावंत वारले, मागे मुलगा नाही. गादीचा वाद दोन वर्षं चालला. 1805 मध्ये त्यांच्या विधवा राणी लक्ष्मीबाईंनी रामचंद्र सावंत ऊर्फ भाऊसाहेब या लहान मुलाला दत्तक घेतलं. थोड्याच काळात त्या मुलाचा अंथरुणातच गळा दाबून खून झाला. गादी मोठ्यांची, भांडण मोठ्यांचं, जीव गेला पोराचा.

दुसरं उदाहरण झाशीचं. झाशीचे नेवाळकर मूळचे लांज्याजवळच्या कोटचे. आपला जिल्हा 1 मे 1981 ला वेगळा झाला, त्याआधी लांजा आणि आपण एकाच रत्नागिरी जिल्ह्यात होतो. गंगाधररावांनी मरणाच्या आदल्या दिवशी, 20 नोव्हेंबर 1853 ला, भाऊबंदांतल्या आनंदरावाला दत्तक घेऊन दामोदरराव नाव ठेवलं. तेही इंग्रज अधिकाऱ्याला समोर बसवून, म्हणजे पुढे कुणी नाकारायला नको. डलहौसीने नाकारलंच. पाच वर्षांपूर्वी, 1848 मध्ये, साताऱ्याच्या दत्तकाचंही तेच झालं होतं. दामोदररावांचं पुढचं आयुष्य इंदूरला तुटपुंज्या पेन्शनीवर गेलं.

म्हणजे दत्तक लपवणं दूरच, ते जगाने मानावं म्हणून आपली माणसं झगडत होती. पण या सगळ्या गोष्टींत एक सारखेपणा आहे. दत्तक जातो तो मुलगा. तो भाऊबंदांतला. त्याचे आईबाप कोण हे सगळ्या गावाला माहीत. आणि त्याला घ्यायचं कशासाठी, तर वंश आणि वारसा. त्या पोराला घर हवंय की नको, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच नव्हता.

ज्यांना खरंच घर हवं होतं ती मुलं वेगळीच होती. विधवेला लग्नाची बंदी, पण तिच्यावर हात टाकणाऱ्याला काही नाही. मूल झालं की ते विहिरीत नाहीतर उकिरड्यावर. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते यासाठी. पंढरपुरात 1875 साली प्रार्थना समाजाच्या मंडळींनी अर्भकालय उघडलं तेही यासाठीच. माझ्या मते दत्तकाभोवतीचा दबका आवाज इथून सुरू झाला. मूल भाऊबंदांतलं असेल तर साखर वाटायची, आईबापांचा पत्ता नसलेलं असेल तर तोंड बंद. लाज मुलाची नव्हती, ती आपल्या समाजाच्या वागणुकीची होती. पण चिकटली मुलाला.

फुल्यांनी ती चिकटू दिली नाही. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी स्वतःचा म्हणून वाढवला, तो यशवंत. 1887 च्या मृत्युपत्रात त्याला वारस केलं, म्हणजे गोष्ट थेट कागदावर आणली. 1890 मध्ये जोतिराव गेले तेव्हा टिटवं धरण्यावरून भाऊबंदांनी वाद काढला आणि सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतलं, असं चरित्रकार सांगतात. यशवंत डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात मायलेक दोघं रोग्यांची सेवा करत होती, त्यातच सावित्रीबाई गेल्या. रक्ताचं नातं म्हणजे काय, हे विचारणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

बांद्याच्या पलीकडे गोव्यात 'पोसकें' हा शब्द आहे. घरात वाढवलेलं, पण पंगतीत शेवटी बसणारं, वाटणीत नाव नसणारं, निम्मं नोकर असलेलं मूल. वेंडेल रॉड्रिक्स यांनी 2017 मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. जेवूखावू घातलं म्हणजे मूल आपलं केलं असं होत नाही. नाव आणि हक्क दिले तरच होतं.

कायद्यालाही इथवर यायला वेळ लागला. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलगी दत्तक घ्यायची वाट मोकळी केली, विधवा आणि अविवाहित बाईलाही स्वतःच्या हक्काने मूल घेता येऊ लागलं. पण आपल्या किनाऱ्यावरच्या ख्रिश्चन आणि मुसलमान शेजाऱ्यांना कित्येक वर्षं 1890 च्या कायद्याखाली फक्त 'पालक' होता यायचं, कायद्याने आईबाप नाही. बाल न्याय कायदा 2000 साली आला, 2006 मध्ये सुधारला, आणि कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं हे 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं.

आमची मुलगी याच कायद्याने आली. आधी ऑनलाईन नोंदणी, मग समाजसेविका घरी येऊन चौकशी, मग वर्षानुवर्षं वाट बघणं. ज्या दिवशी मुलीची माहिती आली त्या दिवशी ठरवायला हातात 48 तास. आम्हाला दोन मिनिटंही लागली नाहीत. पूर्वी आदेश कोर्टातून यायचा, 1 सप्टेंबर 2022 पासून तो जिल्हाधिकारी देतात, म्हणजे आपल्यासाठी ओरोस.

घरी आल्यावर एका आजीने विचारलं, 'खरे आवस-बापूस कोण, काय कळला?' मी म्हटलं, 'खरे आम्हीच. जन्म दिलेली आई वेगळी आहे, तिलाही आम्ही नमस्कार करतो.' आजीने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विषय संपला. लोक वाईट नसतात हो, त्यांना शब्द सापडत नाहीत.

आता मुद्द्याचं. हा दबका आवाज नुसता गैरसमज नाही, त्याची किंमत आहे. वाट बघायला नको, कुणाला कळायला नको, म्हणून मूल 'परस्पर' घेणारे आजही भेटतात. जन्मदाखल्यावर भलत्याच बाईचं नाव घालायचं, मध्ये कुणीतरी पैसे खायचे. मूल विकणं आणि विकत घेणं, दोन्हीला 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख दंड आहे. त्याहून वाईट म्हणजे त्या पोराचा खरा इतिहासच पुसला जातो. कायद्याने आलेल्या मुलाला मोठं झाल्यावर आपली मुळं शोधायचा हक्क आहे. परस्पर आलेल्याला शोधायला कागदच नसतो.

आणि अडचणीत सापडलेल्या एखाद्या पोरीबद्दल तुम्हाला कळलं, तर तिला दोष देऊ नका. बालकल्याण समितीसमोर ती मूल कायदेशीर सोपवू शकते, नाव गुप्त राहतं, आणि मन बदललं तर 60 दिवस हातात असतात. फोन नंबर 1098. तेवढा लक्षात ठेवा, वाडीत चार जणांना सांगा. आणि हे सांगताना आवाज खाली करू नका.