भिलाई परिसरातील पदभ्रमण

भिलाई हे छत्तीसगड राज्याच्या दुर्ग जिल्ह्यातील पोलादनगर. मुंबई–हावडा लोहमार्गावर, नागपूरच्या पूर्वेस सुमारे २७० किमी. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मी. उंचीवर, शिवनाथ नदीच्या खोऱ्यातील सपाट भातपट्ट्यात वसले आहे. वेशीवर डोंगर नाही, घाट नाही. सह्याद्रीत हिंडलेला माणूस इथे प्रथम आला की हिरमुसतो. मात्र दक्षिणेला बालोद, दल्ली-राजहरा आणि धमतरीकडे निघाले की जमीन हळूहळू उचलू लागते, तांबडी होते, झाडी दाट होते आणि दर काही कोसांवर एखादे मोठे धरण आडवे येते. या भागात चालायचे ते शिखर गाठण्यासाठी नव्हे, तर पाण्याच्या काठाकाठाने. त्यामुळेच आजोबांपासून पाच वर्षांच्या नातवापर्यंत सगळे घर एकत्र चालू शकेल अशा वाटा इथे आहेत.

भूमी. छत्तीसगडी शेतकरी जमिनीचे चार प्रकार सांगतो : भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. कन्हार म्हणजे सखल भागातील काळी, जड माती. भाठा म्हणजे उंचवट्यावरची मुरमाड, तांबडी, पाणी न धरणारी जमीन. मराठी वाचकाने ‘माळ’ म्हणावे आणि पुढे जावे. फरक एवढाच, की दख्खनचा माळ बसाल्टाचा, तर हा जांभ्याचा. पावसाळ्यात भाठ्यावर बोटभर गवत येते, दिवाळीनंतर ते पिवळे पडते आणि पायाखाली वाटाण्याएवढे लोहयुक्त खडे करकरू लागतात. नांगराला नको असलेली ही जमीन चालणाऱ्याला फार सोयीची. चिखल नाही, काटेरी झुडूप विरळ आणि पोरे कितीही पांगली तरी नजरेच्या टप्प्यात राहतात.

बालोद–धमतरी रस्त्यावरचे करकाभाट हे अशाच भाठ्यावरचे महापाषाणकालीन दफनस्थळ. गावाच्या नावातच जमिनीची जात आहे. उघड्या माळावर दगडांचे ढीग आणि मधूनमधून माणसाच्या उंचीच्या आसपास उभ्या केलेल्या शिळा असे दृश्य दिसते. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे पाहिलेल्यांना इथे ओळखीचे काहीतरी वाटेल. दगड हलवू नयेत, त्यांवर चढूही नये. सांगायला नको, पण सांगावे लागते.

लोखंडाचे डोंगर. दल्ली-राजहराच्या टेकड्या भिलाईपासून सुमारे ९० किमी.वर आहेत. भिलाई पोलाद कारखान्याचे लोहखनिज मुख्यतः तिथूनच येत आले आहे. भारत–सोव्हिएत करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. टेकड्यांची कीर्ती मात्र त्याहून जुनी. भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १८८०च्या दशकात या भागातील लोहखनिजाची नोंद केली होती. पुढे विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी दोराबजी टाटांच्या पाहण्यात नागपूरच्या संग्रहालयातला एक नकाशा आला. दुर्ग जिल्ह्यावरची लोखंडाची खूण पाहून ते आणि अमेरिकी तज्ज्ञ सी. एम. वेल्ड या टेकड्यांवर आले. चालताना पायांखाली धातूसारखा आवाज येत होता, असे त्या भेटीबद्दल सांगितले जाते. पुढे मयूरभंजचे लोखंड हाती आल्याने टाटांनी दुर्गचा विचार सोडला. नाहीतर आजचे जमशेदपूर कुठे उभे राहिले असते, हा प्रश्न भिलाईकर अधूनमधून चघळतात.

आज खाणींच्या पायऱ्यांवर परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि जाऊही नये. कुटुंबांनी बोइरडीहच्या जलाशयाच्या बाजूने फिरावे. (बोइर म्हणजे बोर.) वाटेवर गडद तपकिरी, हाताला अवाजवी जड लागणारा खडा सापडला तर तो फुटक्या पांढऱ्या टाइलच्या खरबरीत बाजूवर घासून पाहावा : दगड काळपट दिसला तरी रेघ विटकरी-लाल उमटते. हेमॅटाइट ओळखण्याची ही सर्वांत स्वस्त परीक्षा. मुले मग परतीच्या वाटेवर दिसेल तो दगड टाइलवर घासत येतात आणि चाल अर्ध्यावर येते. तेवढा वेळ हिशेबात धरावा.

जलाशय. या नोंदीचा खरा विषय हाच. तांदुळा नदी आणि सुखा नाला यांच्या संगमावर, बालोदलगत, इंग्रजी अमदानीत विसाव्या शतकाच्या आरंभी तांदुळा धरण बांधले गेले. दुर्गच्या भातशेतीला पाणी देणे हा त्याचा हेतू. पोलाद कारखाना आल्यावर तेच पाणी भट्ट्यांनाही लागू लागले. मग गोंदली (१९५७) आणि खरखरा (१९६७) हे जलाशय त्याला जोडीला आले. शहराच्या दक्षिण अंगाचा मरोदा तलाव हा याच साखळीचा शेवटचा दुवा. पोलादनगराच्या सेक्टरांत राहणारे लोक तिथे सकाळी फिरायला जातात, पण आपण बालोदच्या डोंगरांतून आलेल्या पाण्याशेजारून चालतो आहोत हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते.

तांदुळाच्या मातीच्या बांधावरून चालणे ही या परिसरातली उत्तम कौटुंबिक वाट. चढ एकदाच, तोही बांधाच्या माथ्यावर जाण्यापुरता. नंतर सगळे सपाट. एका हाताला दगडी फरसबंदी उतरत पाण्यात जाते. दुसऱ्या हाताला गवताळ उतार आणि खाली भाताची खाचरे. बांधाला इथे ‘पार’ म्हणतात, आपण ‘पाळ’ म्हणतो. दरवाजांजवळ उभे राहिले की कालव्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज बोलणे बुडवतो, आणि शंभर पावले पुढे गेले की पुन्हा फक्त वारा. हिवाळ्यात उथळ काठाला बदके उतरतात. पक्षी पाहण्याचीच हौस असेल तर बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा-परसदाची तळी अधिक चांगली. २०२१ साली तिथे राज्यातला पहिला पक्षी महोत्सव भरला होता.

धमतरी जिल्ह्यातील मुरूमसिल्ली धरण (१९२३) खास मुलांना दाखवण्यासारखे. महानदीच्या सिलारी या उपनदीवरील या धरणाला सायफन पद्धतीचे सांडवे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचले की नळीतली हवा ओढली जाते आणि कुणी दरवाजा न उघडता जलाशय आपसूक सांडू लागतो. पातळी उतरली की आपसूक थांबतो. बालदीत बुडवलेल्या रबरी नळीने हा प्रयोग घरी आधी करून न्यावा, म्हणजे तिथे प्रश्न नेमके येतात. जवळचे गंगरेल (रविशंकर सागर) आकाराने फार मोठे, मात्र नौकाविहार आणि सहलींच्या गर्दीमुळे चालणाऱ्यांपेक्षा बसणाऱ्यांचे.

डोंगर, धबधबे, देवस्थाने. नारागावजवळच्या जंगलातील सियादेवी हे सीतेचे स्थान. मंदिरापासून थोडे उतरून धबधब्याशी जाता येते. पावसाळ्यानंतरचे दोन महिने पाहण्यासारखे. दगड शेवाळलेले असतात, तेव्हा प्रवाहाच्या वरच्या बाजूला मुलांना नेऊ नये. डोंगरगडची बमलेश्वरी हजाराहून अधिक पायऱ्यांची. रोपवे असल्याने वडीलधाऱ्यांची अडचण होत नाही. नवरात्रात मात्र पाय ठेवायला जागा नसते. डोंगरगडवरून जाणाऱ्या मुंबई–हावडा लोहमार्गाने आणखी पश्चिमेला महाराष्ट्राच्या हद्दीत, गोंदिया जिल्ह्यातील दरेकसाजवळ हाजरा धबधबा आणि गोंड समाजाचे श्रद्धास्थान असलेल्या कचारगडच्या गुहा आहेत. भिलाईच्या मराठी कुटुंबांना माहेरच्या वाटेवरचा हा सोयीचा थांबा.

 

शहरातल्या शहरात चालायचे तर भारत–सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली उभारलेली मैत्री बाग आहे. चरोद्याजवळचे देवबलौदा येथील कलचुरिकालीन शिवमंदिर लहान पण देखणे. शेजारच्या कुंडाच्या पायऱ्यांवर डबा खायला बसता येते.

ऋतू व खबरदारी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चालण्याचा काळ. मार्चअखेरीस पळस आणि मोहाची फुले पाहायची असतील तर पहाटे निघून नऊला सावलीत परतावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो, आणि भाठ्यावर झाड नसते. जून-जुलैत वीज पडण्याचे प्रकार होतात. आभाळ गडगडले की बांधाच्या माथ्यावरून खाली उतरावे. बालोद-धमतरीच्या जंगलांत अलीकडच्या वर्षांत हत्तींचे कळप फिरतात, म्हणून वाट धरण्याआधी गावात विचारून घ्यावे. दुकान मिळेलच असे नाही. तेव्हा पाणी, मुर्रा (मुरमुरे)-फुटाणे आणि घरचे पोहे बरोबर असावेत. उन्हाळ्यात गावतळी भरण्यासाठी कालव्यांना पाणी सोडतात, त्याला ‘निस्तारी’चे पाणी म्हणतात. आदल्या दिवशी कोरडा असलेला कालवा त्या सकाळी काठोकाठ वाहत असतो. त्या दिवसांत काठाने चालताना लहानग्यांचा हात सोडू नये.