डोळे शाबूत, दृष्टी गहाळ

रशिया-जपान युद्ध (१९०४-०५) शिकविताना आम्ही मास्तर पोर्ट आर्थरपाशीच थांबतो. तात्सुजी इनोउये या तरुण नेत्रवैद्याचे नाव कोण घेतो? रशियन रायफलीची बारीक, वेगवान गोळी कवटीतून आरपार जाई, तरी कित्येक जपानी शिपाई जगले. डोळे शाबूत, पण समोरच्या दृश्याचा एखादा तुकडाच नाहीसा! पेन्शन ठरविण्यासाठी इनोउये तो तुकडा मोजी. गोळी शिरली कुठे, निघाली कुठे, हे त्याच्याशी ताडून मेंदूच्या मागील भागातला दृष्टीचा नकाशाच त्याने १९०९ मध्ये छापला.

पुढे १९१७ साली रिडॉक या ब्रिटिश डॉक्टराला याहून विलक्षण आढळले. जखमी शिपायाच्या ‘आंधळ्या’ बाजूला काही हलले, की हालचाल तेवढी त्याला जाणवे. काय हलले, ते मात्र सांगता येईना. हे वाचले त्या रात्री मी दिवा मालवून कितीतरी वेळ स्वतःचे डोके चाचपीत बसलो होतो.