जावयाचं घड्याळ आणि हिमरूची शाल



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका मावशींनी चाळीस हजारांचं कर्ज मागितलं. बियाण्यासाठी नाही, शेळीसाठी नाही. लेकीचं लग्न ठरलंय आणि होणाऱ्या जावयाला मनगटी घड्याळ पाहिजे. परदेशी कंपनीचं, स्टीलच्या पट्ट्याचं, पाण्यात चालणारं स्पोर्ट्स वॉच. मॉडेलचा फोटोच मोबाइलवर आला होता, कारण मित्राच्या हातात तेच आहे. बैठकीत दोन तट पडले. कुणी म्हणालं, लेकीच्या सुखापुढं पैसा काय? कुणी म्हणालं, हप्ता कोण फेडणार? शेवटी ठरलं, आधी या घड्याळाची कुळकथा समजून घेऊ. ती आज तुम्हाला सांगतो.

मनगटावरचं घड्याळ मुळात बायकांचं. १८१० साली नेपल्सच्या राणीनं, कॅरोलिन म्युरानं, पॅरिसच्या ब्रेगे या कारागिराकडं हातात घालायचं घड्याळ बनवायला सांगितलं. पुढं शंभर वर्षं मनगटी घड्याळ म्हणजे बांगडीसारखा दागिना होता. पुरुष साखळीचं घड्याळ खिशात ठेवायचे आणि मनगटावरच्या घड्याळाला बायकी म्हणायचे. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या शिपायांना सारखं खिशात हात घालणं जमेना, तेव्हा ते मनगटावर आलं आणि मर्दानी ठरलं.

पाण्यात चालणाऱ्या घड्याळाचं नाव गाजलं तेही एका बाईमुळं. मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्लंडची पोहणारी. ऑक्टोबर १९२७ मध्ये ती इंग्लंड आणि फ्रान्समधली खाडी पोहून गेली. लोकांनी शंका घेतली, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा गारठलेल्या पाण्यात उतरली. त्या वेळी तिच्या गळ्यात रोलेक्स कंपनीचं घड्याळ होतं. दहा तासांच्या वर ती पाण्यात होती. थंडीमुळं तिला बाहेर काढावं लागलं, पण घड्याळ चालूच होतं. कंपनीनं त्याची मोठी जाहिरात केली.

आता स्टीलची गोष्ट ऐका. १९७२ साली स्वित्झर्लंडच्या ऑडेमार पिगे कंपनीनं रॉयल ओक नावाचं स्टीलचं स्पोर्ट्स वॉच काढलं आणि त्याची किंमत सोन्याच्या घड्याळांच्या बरोबरीनं, काहींच्या वरही ठेवली. लोक आधी हसले, मग रांगा लागल्या. आपल्या घरात डबे, पातेली स्टीलचीच असतात. त्या घड्याळात कारागिरी मोठी असते हे खरं, पण एवढी किंमत नावाला आणि मानाला मिळते. आज अशा गाजलेल्या मॉडेलसाठी पैसेवाल्यांनाही वाट पाहावी लागते. म्हणून जाणकार लोक दुसऱ्या, कमी गाजलेल्या पण चांगल्या घड्याळाकडं वळतात.

आपल्या देशातही असा दुसरा पर्याय उभा राहिला होता. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर बंधनं होती, परदेशी घड्याळं चोरून यायची. १९६१ साली सरकारच्या एचएमटी कंपनीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट, बायकांसाठी सुजाता. रोज चावी द्यायची, वर्षानुवर्षं चालायची. १९८४ साली टायटन कंपनी उभी राहिली आणि सेलवर चालणारी घड्याळं घरोघरी गेली. एचएमटीचा घड्याळाचा कारखाना बंद करायचं सरकारनं २०१६ मध्ये ठरवलं. पण किती तरी घरांत सासऱ्यांचं जनता घड्याळ अजून कपाटात जपून ठेवलेलं आहे.

योगायोग बघा. १९६१ सालीच हुंडा प्रतिबंधक कायदा आला. त्याच काळात सायकल, रेडिओ आणि घड्याळ या तीन वस्तू लग्नाच्या बोलणीत बसल्या. कायदा सांगतो, हुंडा घेणं हा गुन्हा, देणंही गुन्हा आणि नुसता मागणं हाही गुन्हा. मागणी केली तरी सहा महिने ते दोन वर्षं तुरुंगवास होऊ शकतो. न मागता, रीतीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे दिलेली भेट चालते, मात्र तिची यादी करून ठेवायची असते. फोटो पाठवून मागितलेलं घड्याळ भेट कसं म्हणायचं?

मग मावशींपुढं कुणी तरी मार्ग ठेवला, "तसंच दिसणारं नकली घ्या, दोन हजारांत मिळतं." इथं आम्हाला आपल्या संभाजीनगरचीच हिमरू आठवली.

महंमद तुघलकानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा विणकर इकडं आले असं सांगतात. राजेरजवाडे किनखाब वापरायचे. रेशमात सोन्याचांदीची जर, सामान्य माणसाला न परवडणारी. विणकरांनी सूत आणि रेशीम एकत्र विणून तशीच झळाळी आणली, तिचं नाव हिमरू. फारसीत हमरूह म्हणजे सारखं. किनखाबासारखी, पण तिनं स्वतःला किनखाब म्हणवलं नाही. स्वतःच्या नावानं विकली गेली, म्हणून आज तिला स्वतःचा मान आहे.

हा फरक आम्हाला महत्त्वाचा वाटला. दुसऱ्याचं नाव छापलेलं नकली घड्याळ ही फसवणूक. स्वतःच्या नावानं उभं असलेलं कमी किमतीचं घड्याळ हा पर्याय.

तसं घड्याळ घ्यायचं असेल तर दुकानात चार गोष्टी विचारा. पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड मिळतं का? दुरुस्ती आपल्या शहरात होते का? सेलवर चालतं की चावीवर? पाण्याचं काय? मागं ३० मीटर लिहिलं असेल तर ते तीस मीटर खोल पाण्यात चालत नाही. हात धुताना शिंतोडे उडाले तर चालेल एवढंच. विहिरीत पोहणाऱ्यानं १०० मीटर लिहिलेलं घ्यावं.

मावशींना कर्ज मिळालं का? मागणीच्या घड्याळासाठी गटानं कर्ज दिलं नाही. आमच्यातल्या दोघी मावशींबरोबर व्याह्यांकडं गेल्या. कायदा सांगितला, आवाज न चढवता. मावशी म्हणाल्या, "दादा, आम्ही आमच्या खुशीनं घड्याळं देणार. दोन. एक जावयाला, एक लेकीला." लेक रोज सकाळी कंपनीच्या बसनं वाळूजला कामाला जाते. वेळेची खरी गरज तिला आहे. दोन्ही देशी कंपनीची, दोन्हींचं पक्कं बिल, पैसे मावशींच्या स्वतःच्या बचतीतले.

लग्न मार्गशीर्षात आहे. व्याही अजून थोडे घुश्शात आहेत. पण परवा जावयाचाच फोन आला, डायल काळी चालेल का म्हणून विचारायला.

तुमच्या गटात अशी मागणी आली तर एकटीला उत्तर द्यायला लावू नका, सगळ्या मिळून बसा.