डावणीचं औषध

आमच्या पिंपळगाव बसवंतला द्राक्षाचं पान उलटून पाहायची सवय जुनी. खाली पांढरी बुरशी दिसली की डावणी. वडील मोरचूद-चुन्याचा बोर्डोच मारायचे. १८८५ मधला हा फ्रेंच उपाय. तांबं बुरशीला एकाच वेळी अनेक ठिकाणी मारतं, म्हणून अजून टिकलाय. १९९६ मध्ये स्ट्रोबिल्युरिन गटातली बुरशीनाशकं बाजारात आली. त्यांचा नेम बुरशीच्या एकाच प्रथिनावर. चारेक वर्षांत युरोपातल्या डावणीनं ती पचवली: जनुकातलं एक अक्षर बदललं, प्रथिनात १४३व्या जागी ग्लायसिनऐवजी अ‍ॅलनिन बसलं. पुढे महाराष्ट्रातल्या बागांतही तेच सापडलं.

बुरशी औषध किती पचवते, हे मोजायची रीत साधी. पानाच्या चकत्या औषधाच्या चढत्या मात्रांवर ठेवायच्या, वर बीजाणू सोडायचे, वाढ कुठं थांबते ते पाहायचं. आम्ही मात्र थेट ब्लोअरमध्येच मात्रा वाढवायचो. दुकानदारही तेच सांगे. त्याचं काय जातंय!